बाबांचे केस

ता. १९ सप्टेंबर
दुकानातून, दुपारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप असशील असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. पाकिटावर तुझ्या त्या सभेने दिलेलं नवं नाव लिहिलंय, नाहीतर पोस्टमन पत्र परत घेऊन यायचा. पण आत तू धाकटाच. घरच्या माणसाला नव्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही, त्याला मी काय करू? फोनवर आपण दोघंही भांडतो, म्हणून हा कागद.

गिऱ्हाईक नाही. बाबा पुढे खुर्चीत डोळे मिटून बसलेत आणि मी मागे, माझ्या बायकांच्या खोलीत, मांडीवर जुनं मासिक ठेवून लिहितेय. समोर नवं सलून उघडलंय. काचेचं दार, आत गार हवा, कॉफी फुकट. तिथली पोरं एकसारखे काळे शर्ट घालतात आणि दाढी करायला आलेल्या माणसाला आधी अर्धा तास खांदे चेपून देतात. बाबा म्हणतात, "केससुद्धा कापतात का, तेवढं विचारून ये." आपली जुनी माणसं अजून आपल्याकडेच येतात. गवंडीकाका तर खुर्चीत बसले की शेजारी कोण आहे ते न बघता तीच गोष्ट सुरू करतात. कानामागचा तीळ बाबांनी कसा पाहिला, "हा गेल्या महिन्यात एवढा नव्हता" म्हणत अर्धे केस कापलेल्या अवस्थेत त्यांना डॉक्टरकडे कसं पिटाळलं. "हा माणूस नसता तर मी आज भिंती बांधत नसतो, मातीखाली असतो!" तू तेव्हा नुकताच कात्री धरायला लागला होतास. तुला ही गोष्ट पाठच असेल. मी उगाच लिहिली.

फुलवालीला केस लाल करून हवेत. मी म्हटलं, बाई, तुझ्या दुकानात गुलाब कुठले आणि तू कुठली, ते गिऱ्हाइकाला कळायचं नाही. तिला ते कौतुकच वाटलं.

थांब, कुणीतरी आलंय.

गेला. आत पाऊल टाकलं, बाबांकडे बघितलं, "माफ करा, मला वाटलं इथे केस कापतात" म्हणाला आणि समोर काचेच्या दारात शिरला.

आता बाबांच्या केसांचं सांगायलाच हवं. तू गेल्यापासून त्यांनी डोक्याला कात्री लावून घेतलेली नाही हे तुला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि बघणं वेगळं. केस खांद्याखाली आलेत आणि दाढी छातीवर. सकाळी दुकान उघडतात, पांढरा कोट घालतात, केसांची मोट बांधून कॉलरच्या आत कोंबतात आणि दुसऱ्यांच्या मानेवरचे दोन चुकार केस शोधत बसतात. गल्लीतली पोरं विचारतात, "काका, तुमच्या दुकानातली कात्री हरवली का?"

त्याहून मोठी गंमत ऐक. तुमच्या सभेची माणसं, तशीच केस-दाढी वाढवलेली, आता आपल्या बाजारातही दिसतात. ती बाबांना आपल्यातलेच समजतात. परवा भाजीच्या गाडीशी एका म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून "शांती असो, बंधू" म्हटलं. बाबांच्या हातातला कोबी खाली पडला. घरी येऊन माझ्यावरच ओरडले, जणू मीच त्याला पाठवलं होतं. तू देवापायी वाढवलेस, ते तुझ्यावरच्या रागापायी वाढवताहेत, आणि लांबून बघणाऱ्याला तुम्ही दोघं एकाच वाटेवरचे दिसता. मला हसू येतं, आणि मग येत नाही.

मला तो सोमवार विसरता येत नाही रे. महिन्याचा पहिला सोमवार, दुकान बंद, दार आतून लावलेलं. आधी ते तुझे केस कापणार, मग तू त्यांचे. आई दारात उभी राहून म्हणायची, "जगाची डोकी करून झाली, आता घरची करा." आई गेल्यावरही ते चालू होतं. मग त्या दिवशी बाबांनी कापड झटकलं आणि तू बसलाच नाहीस. "बाबा, मी आता केस कापणार नाही. माझे नाही आणि कुणाचेही नाही." कापड त्यांच्या हातातच राहिलं. ते म्हणाले, "तुझ्या देवाला कात्री चालत नाही, तर माझ्या डोक्यालाही तुझा हात चालत नाही. आणि तुझा नाही तर कुणाचाच नाही." आपल्याकडे माणसं बोलतात ते बोलून मोकळी होतात. तुम्ही दोघं मात्र बोललेलं पाळत बसलात.

मी नंतर कितीदा म्हटलं, मी कापते. याच माणसाने मला शिकवलं. आधी नुसतं डोकं धरायला लावायचे, कात्रीला हात लावू द्यायचे नाहीत. "एका हाताने कापतात आणि दुसऱ्याने डोकं धरतात, दुसरा हात चुकला की पहिला चुकलाच." तेच मला म्हणतात, "तू बायकांचं बघ." मी इथे आहे. भाकरतुकडा मी बघते, गल्ला मी बघते, त्यांची चिडचिड मी ऐकते. पण डोकं राखून ठेवलंय ते तुझ्यासाठी. मला ते लागतं, हे आज लिहूनच टाकते.

तर माझं एवढंच म्हणणं आहे. एकदा ये आणि त्यांचे केस काप. एकदाच. पुढच्या महिन्यात बारा तारखेला आम्हाला एके ठिकाणी जायचंय, तिथे हे असलं जंगल घेऊन जाता येणार नाही. कुठे ते आलास की सांगेन. तुझ्या रोपवाटिकेत तू फांद्या छाटतोस ना? ती कात्री तुझ्या देवाला चालते, मग बापासाठी दोन मिनिटं डोळा मिटायला त्याला काय होतंय?

चिडून लिहिलं, खोडत नाही. बाकी सगळं ठीक. नळ दुरुस्त झाला. बाबांची भूक जरा कमी आहे, पण या वयात असतं ते. त्यांच्या उशीचा अभ्रा तेवढा रोज धुवावा लागतो, बाकी माझ्यामागे फारसं काम नसतं. तू जेवतोस ना वेळेवर? बाकी ठीक.

वाट बघते.

तुझी,
ताई


ता. २४ सप्टेंबर

प्रिय ताई,

शांती असो. तुला हे आवडत नाही हे माहीत आहे, पण आता हात आपोआप लिहितो.

तुझं पत्र रोपांना पाणी घालता घालता वाचलं आणि कोबीच्या गोष्टीपाशी एकटाच हसलो. फांद्यांचा प्रश्न आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनाही पडला होता. ते म्हणाले, झाड स्वतः बोलून हरकत घेईपर्यंत छाटत राहा. आम्ही अगदीच दगड नाही गं.

पण केसांचं तसं नाही. तू म्हणतेस दोन मिनिटं. ताई, आई गेल्यावर मी किती दिवस झोपलो नव्हतो हे तुलाच माहीत आहे. तू माझ्यासाठी दूध गरम करून आणायचीस आणि ते तसंच थंड व्हायचं. बाबा दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसले होते. त्यांचं दुःख त्यांनी कामात बुडवलं, त्यांना ते जमलं. मला जमत नव्हतं. कात्री हातात घेतली की आईचे केस आठवायचे. शेवटी शेवटी ते मीच कापले होते, औषधाने गळायला लागले म्हणून. सभेत पहिल्यांदा गेलो तेव्हा कुणी मला काही समजावलं नाही. नुसतं शेजारी बसू दिलं. त्यांनी सांगितलं की केस हे दिलेलं आहे, ते आपण काढून घ्यायचं नाही. मी कात्री ठेवून दिली आणि त्या दिवशी झोपलो. तुला हा वेडेपणा वाटेल. माझ्यासाठी तो जमिनीवर टेकलेला पाय आहे. तो उचलला तर मी कुठे जाईन, याची मला भीती वाटते.

बाबांना हे सांगायचं होतं. पण ते ऐकायला बसायच्या आधी मला खुर्चीत बसवायला निघाले.

तेव्हा मी कापायला येऊ शकत नाही. रागाने लिहीत नाही. वाईट वाटतंय, तरीही नाही.

पण तू काहीतरी लपवते आहेस. 'ठीक आहे' हे तू पत्रात जिथे तिथे पेरलंयस. बारा तारखेला कुठे जायचंय? आणि बाबांच्या उशीचा अभ्रा रोज का धुवावा लागतो? मी कात्री ठेवली असेल, पण मी त्यांच्याच हाताखाली शिकलेला आहे. उशीला काय लागतं, ते मला लिही.

तुझा,
धाकटा
(बघ, जुन्या नावानेच सही केली.)


ता. २९ सप्टेंबर

धाकट्या,

उशीला रक्त लागतं. तू विचारलंस म्हणून लिहिते. नाहीतर मी तुला केसांच्या निमित्ताने बोलावून घेणार होते आणि दारातून आत आलास की सांगणार होते. पत्रातून हे कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं.

ऑगस्टमध्ये ते दुपारी खुर्चीत झोपले होते. मान एका बाजूला कलली होती आणि कानामागच्या केसांचा एक पुंजका चिकटून कडक झालेला दिसला. मी कंगव्याच्या टोकाने हळूच केस बाजूला केले. खाली कोटाच्या गुंडीएवढं काळं, ओलं काहीतरी होतं, कडा फाटल्यासारख्या. मी कंगवा तसाच धरून उभी राहिले. ते जागे झाले आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. "कधीपासून?" मी विचारलं. "मला माझ्या कानामागे दिसतं का?" म्हणाले.

दिसत नाहीच. न्हाव्याला आपलं डोकं मागून दिसत नाही, म्हणून तर तो सोमवार होता. गवंडीकाकांचा तीळ त्यांनी एका महिन्यात ओळखला. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर हे किती दिवस वाढत होतं, कुणी बघितलंच नाही. तू असतास तर पहिल्याच महिन्यात तुझी बोटं तिथे थांबली असती.

हे वाक्य लिहायचं नाही असं ठरवून मी पहिलं पत्र लिहायला बसले होते. आता लिहून गेले. तुला दोष देत नाही, म्हणजे देते, पण तुझ्या एकट्याला नाही. हट्ट त्यांचा होता. आणि मी त्याच घरात राहून रोज अभ्रे धुतले, आधी वाटलं उवा झाल्या असतील. माझा राग कुणाकुणावर काढू ते मला समजत नाही. सकाळपासून चार वेळा दुकानाचं दार उघडून रस्त्यावर जाऊन आले, काही काम नसताना.

डॉक्टरबाई म्हणाल्या, लवकर काढायला हवं. किती पसरलंय ते केस पूर्ण काढल्याशिवाय कळणार नाही, गुंता इतका झालाय. आम्ही गेलो, दाखल झालो. परिचारिका मशीन घेऊन आली तसे बाबा पलंगावरून उठले आणि दवाखान्याच्या चपला घालून चालत घरी आले. मी सामान घेऊन मागून. आता बारा तारीख दिलीय, आणि डॉक्टरबाईंनी बजावलंय की डोकं मोकळं करूनच या. मी हात जोडले, भांडले, जेवले नाही. ते म्हणतात, "एकदा बोललो ना." त्यांचाही देव असलाच आहे बघ, फक्त त्याची सभा भरत नाही.

मी तुला तुझी शपथ मोडायला सांगत नाही. सांगतेय, खरं तर. तुझ्या झोपेचं वाचून मला रडू आलं, ते दूध मला आठवतं. तरीही सांगतेय. तुझा पाय जमिनीवरून उचलला तर आम्ही आहोत धरायला. बाबा गेले तर त्यांना कुठून धरून आणणार?

नको येऊस असं वाटलं तर तेही लिही, म्हणजे मी वाट बघणार नाही.

ताई


ता. २० ऑक्टोबर
दवाखान्यातून, व्हरांड्यातल्या बाकावरून

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू पोचल्याचं कळवलं नाहीस. बसमध्ये चढताना जे बोललास त्यावर मी काही म्हणायच्या आत गाडी सुटली. "अजून त्यांनी मला माफ केलं नाही, ताई." तेवढंच म्हणालास आणि खिडकीकडे तोंड फिरवलंस. तेव्हापासून हे पत्र माझ्या डोक्यात घोळतंय.

आधी काय झालं ते नीट सांगते. तू होतास, पण तुला दिसलं ते एक आणि मला दिसलं ते दुसरं. मी बाजूला उभी होते.

अकरा तारखेला तू दुकानात आलास तेव्हा ते खुर्चीत बसून होते. वळून बघितलं नाही. दाढी वाढलेली, डोळे लाल, प्रवासाने चुरगळलेला असा तू आरशात त्यांच्या डोक्यामागे उभा राहिलास, आणि एकाच आरशात दोन दाढ्या, दोन जटा! मला वाटलं आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. तू विचारलंस, "बाबा, कापू?" तू खण उघडलास. त्यांची लांब कात्री कुठे असते ते तुझ्या हाताला अजून ठाऊक आहे, खाली न बघता काढलीस. आणि तुझा हात थरथरायला लागला. मी तुझं तोंड बघत होते, धाकट्या. आईच्या वेळी ज्या तोंडाने तू कात्री धरली होतीस तेच ते तोंड. मला त्या क्षणी वाटलं, मी हे काय मागितलं याच्याकडे.

तेव्हा ते आरशातून म्हणाले, "ती ठेव."

तू म्हणालास, "कापतो मी. त्यासाठीच आलोय."

"ठेव म्हणतो ना. तिच्याकडे दे. तू डोकं धर."

तुझा चेहरा उतरला ते मी पाहिलं. पण खरं सांगू, मला तेव्हा तुझं काही सुचत नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ती कात्री माझ्या हातात आली होती. तू त्यांच्या कपाळावर एक हात आणि हनुवटीखाली एक हात ठेवलास, शिकवलं होतं तसं, न दाबता. मी कापायला लागले. मोठाले पुंजके खाली पडले, राखाडी, मग पांढरे. कानामागे आले तेव्हा तुझी बोटं त्या काळ्या डागाशेजारी आपोआप थांबली. तुझ्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या टाळूवर पडलं.

"पाणी जरा कोमट घ्यायचं असतं," ते म्हणाले.

तू हसला नाहीस. मीही नाही, तेव्हा. काल रात्रीचं भांडं घासताना आठवलं आणि एकटीच खो खो हसले, आणि मग त्याच तोंडाने रडले.

मग मी साबण लावला, वस्तऱ्याने कडा साफ केल्या, आणि तू हात धुतलेस, पिशवी उचललीस आणि निघालास. मी तुझ्यामागे धावत थांब्यावर आले. ते तसेच आरशासमोर बसून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, जेवढं दिसलं तेवढं काढलं, आत किती गेलं होतं ते तपासणीतून कळेल. उत्तर अजून आलेलं नाही. रोज सकाळी विचारते आणि रोज "उद्या" ऐकते. त्यामुळे माझा पाय एका जागी ठरत नाही, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशा मी झिजवल्यात.

परवा मी त्यांना विचारलंच. पट्टी बांधलेलं डोकं, हातात पेला, जरा बऱ्या मनःस्थितीत दिसले. मी म्हटलं, तो एवढ्या लांबून आला, तुमच्यासाठी शपथ मोडायला तयार झाला, आणि तुम्ही त्याच्या हातातून कात्री काढून घेतलीत. अजून किती छळणार आहात त्याला?

त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, "त्याचा हात बघितलास? त्या हाताने त्याने कापलं असतं. माझे केस गेले असते आणि त्याचं जे काय आहे ते गेलं असतं. मला त्याचा तो देव पटत नाही. केस मोजत बसलेला देव मला कसा पटेल, मी न्हावी आहे. पण पोरगा त्यावर उभा आहे. तो माझ्यापायी खाली पडला असता तर पुन्हा माझ्या खुर्चीजवळ कसा आला असता?"

मग ते म्हणाले, "मला केस कापून घ्यायचेच नव्हते गं. मला त्याचा हात डोक्यावर हवा होता. ते मागायचं कसं ते मला येत नाही. आम्हाला 'खुर्चीत बस' म्हणायची सवय."

आता तूच सांग, याला माफ न करणं म्हणतात का?

आणि माझं? तेही विचारलं, सोडते की काय. म्हटलं, मग इतकी वर्षं मला का नाही कापू दिलंत? मी रोज समोर होते. "तू कापले असतेस तर काम झालं असतं," म्हणाले. "मग त्याची वाट बघायला मला काय उरलं असतं?" मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. त्या वाट बघण्याखाली ते काळं वाढत होतं आणि माझ्याकडे कात्री होती. हे मी त्यांना तोंडावर म्हणाले. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं." माझ्या आठवणीत हा शब्द त्यांनी कधी उच्चारलेला नाही. मी उठून त्यांची उशी सरळ केली, दुसरं काय करणार.

उगाच हुरळून जाऊ नकोस. तुझ्या सभेबद्दल त्यांचं मत होतं तिथेच आहे, आणि माझंही. भाजीबाजारातला तो म्हातारा विचारपूस करायला दवाखान्यात आला होता. बाबांचं पट्टीबाहेर दिसणारं तुळतुळीत डोकं बघून बिचारा इतका गडबडला की त्याला वाटलं ह्यांनी धर्म सोडला. बाबा त्याला म्हणाले, "बसा. शांती असो." मी पाणी पिता पिता ठसकले. म्हातारा तासभर बसला, दोघांनी देवाबद्दल अवाक्षर काढलं नाही, गुडघ्यांबद्दलच बोलत होते.

तू तुझे केस ठेव. तुझं नाव ठेव. मी पाकिटावर ते नीट अक्षरात लिहीन. तू खाली पडावास असं मला कधीच वाटलं नाही, त्या पत्रात जे लिहिलं ते भीतीने लिहिलं.

पुढच्या महिन्यात सहा तारखेला पहिला सोमवार आहे. तोवर आम्ही घरी असू, तपासणीचं उत्तरही आलेलं असेल, काय असेल ते. त्यांच्या डोक्यावर कापण्याजोगं काहीही नसेल. मी त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "केस नसले म्हणून काय झालं, डोकं तर आहे. त्याला लिही, धरायला ये."

म्हणून लिहिलं. दार आतून लावून घेऊ, कुणी गिऱ्हाईक येणार नाही. खुर्ची मी पुसून ठेवते. तू फक्त हात घेऊन ये.

कात्री माझ्याकडेच राहील,
तुझी ताई